हाय-गेन अँपचा टोन कसा लावावा: बेस आधी कापा, मग द्या

जॅम रूममध्ये तासाचे पैसे भरून शिरलेला गिटारिस्ट पहिल्या पाच मिनिटांत काय करतो, ते मी इतक्यांदा पाहिलंय की डोळे मिटूनही सांगेन. केबल खोचली, गेन (सिग्नल किती फुगवायचा ते ठरवणारा नॉब) पार उजवीकडे, लो आणि हाय, म्हणजे खालचे आणि वरचे सूर, दहावर, मधला मिड शून्यावर. एकटा वाजवतो तेव्हा खोली हादरते आणि गडी खूश होतो. मग ड्रमर चार मोजतो, बेसिस्ट आत येतो आणि गिटार गायब. उरते ती माशा घोंगावल्यासारखी भणभण. म्हणून हा व्हॉल्यूम वाढवतो, ते बघून ड्रमर आणखी जोरात बडवतो, आणि तास संपल्यावर सगळे कानात शिट्टी घेऊन घरी जातात.

मी स्वतः तीन वर्षं हेच केलंय, त्यामुळे कुणाला हसत नाही. पण ‘अमक्या गिटारिस्टच्या सेटिंग्ज’ म्हणून आकड्यांची यादी हातात देणाऱ्यांवर मात्र माझा राग आहे. त्याची गिटार वेगळी, पिकअप (तारांचं कंपन पकडणारे गिटारमधले चुंबक) वेगळे, स्पीकर वेगळे, खोली वेगळी. त्याचा सहा तुमच्याकडे सहा नसतो.

उदाहरणाला मी पीव्ही कंपनीचा ५१५० घेतो. एक तर माझं आयुष्य त्याच्यासमोर गेलंय, आणि दुसरं म्हणजे जड संगीत वाजवणाऱ्यांच्या खोल्यांत हा अँप किंवा त्याची नक्कल कुठे ना कुठे भेटतेच. गिटारिस्ट एडी व्हॅन हेलनसाठी निघालेला हा अँप. एडी आणि पीव्ही वेगळे झाल्यावर याच अँपचं नाव ६५०५ झालं, कंपनीच्या १९६५ ते २००५ या चाळीस वर्षांवरून. १२० वॅट, पॉवरला चार ६एल६ ट्यूब. नॉबची नावं तुमच्या अँपवर थोडी वेगळी असतील, क्रम तोच ठेवा.

सुरू करण्याआधी

तारा नव्या, गिटार सुरात, हे धरून चालतो. ट्यूब अँपला स्पीकर जोडल्याशिवाय स्टँडबायचा खटका उघडू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. हेड (अँपचा डबा) आणि कॅब (स्पीकरचं खोकं) यांच्यामध्ये स्पीकर केबलच हवी, गिटारची नाही. दोन्ही दिसायला सारख्या असतात, म्हणून मी माझ्या स्पीकर केबलला लाल चिकटपट्टी गुंडाळून ठेवली आहे. मागचा ओहमचा खटका कॅबच्या आकड्याशी जुळवा. खोलीत अर्थिंग नसेल तर गुणगुण येणारच, ती कुठल्याच नॉबने जात नाही.

कुठे उभं राहायचं

बारा इंची स्पीकर वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ समोर फेकतो. कॅब जमिनीवर आणि तुम्ही त्याला चिकटून उभे असाल तर तो झोत तुमच्या गुडघ्यांवर पडतो. कानांना आवाज बसका वाटतो म्हणून तुम्ही हाय वाढवता, आणि समोर बसलेल्याच्या कानात सुई टोचते. टोन लावताना दोन-तीन मीटर मागे जा आणि स्पीकरसमोर उकिडवे बसा. विचित्र दिसतं, दिसू द्या. नाहीतर कॅब खुर्चीवर चढवा.

आवाज आधी, टोन नंतर

पोस्ट गेन, म्हणजे मास्टर, बँडसोबत लागेल तेवढा आधीच वर घ्या. कान कमी आवाजाला बेस कमी ऐकतात आणि मोठ्या आवाजाला जास्त. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे १९३३ मध्ये मोजून दाखवलंय, तरी लोक रात्री अकरा वाजता शेजारी झोपलेले असताना टोन लावतात आणि रविवारी स्टेजवर तोच टोन चिखल का होतो म्हणून विचारतात. घरी लावलेला टोन घरापुरता. कानांत इअरप्लग घाला.

मग लो, मिड, हाय तिन्ही बारावर. बारावर म्हणजे घड्याळातल्या बारावर. हे ‘सपाट’ नाही, हेही इथेच सांगून टाकतो. असल्या अँपमधलं टोनचं सर्किट काहीच वाढवत नाही, फक्त कापतं, आणि तिन्ही नॉब मध्यावर असताना मिड सगळ्यांत जास्त कापलेला असतो. म्हणजे मिड शून्यावर नेणारा माणूस आधीच खड्ड्यात असलेली वस्तू आणखी खाली पुरतो. शिवाय तिन्ही नॉब एकमेकांच्या पायात पाय घालतात. एक हलवलात की बाकीचे दोन पुन्हा तपासा.

गेन

शून्यापासून वर या, दहापासून खाली नाही. वरून खाली येताना प्रत्येक पायरीला काहीतरी गमावल्यासारखं वाटतं आणि हात लवकर थांबतो. पॉवर कॉर्ड (दोन सुरांची जोडी) धरा, पाम म्यूट करा, म्हणजे उजव्या तळहाताची कड तारांवर टेकवून मारा, आणि गेन हळूहळू वाढवा. फटक्यानंतर गुरगुर हवी तेवढी टिकू लागली की थांबा, आणि तिथून केसभर मागे या. ५१५० च्या लीड चॅनेलवर माझा हात बहुतेक वेळा घड्याळातल्या दहा-साडेदहाच्या आसपास थांबतो. एवढ्याने भागत नाही असं वाटलं तर उजव्या हाताकडे बघा. हळू मारणारे लोक गेन वाढवून जोर विकत घेतात, आणि फटक्याची धार त्या किमतीत जाते.

रेकॉर्डिंगला याहूनही कमी. तोच रिफ (पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा) डावीकडे एकदा आणि उजवीकडे एकदा वाजवून लावला की दोन्हींचा मिळून आवाज आपोआप दाट होतो.

खालचा पट्टा: सगळे इथेच अडकतात

माझी तीन वर्षं कुठे गेली ते आता सांगतो. आमचा एक रिफ होता, ड्रॉप डी (सहावी तार एक सूर खाली उतरवलेली), मिनिटाला १८० मात्रांची लय, मात्रेला चार फटके. संथ वाजवला की कडक. लयीत गेला की भसभस. एकेक फटका वेगळा येण्याऐवजी ओलं गोणपाट आपटल्यासारखा एकच लांब आवाज. साहजिकच मी लो खाली केला. भसभस तशीच राहिली, फक्त बारीक झाली, आणि वर गिटार किरटी झाली. मग लो पुन्हा वर. मग पिकअप बदलले. मग जाड तारा. मग दुसऱ्याचं कॅब. पैसे गेले, भसभस राहिली.

तेव्हा आमच्या आधीच्या पिढीतला एक गिटारिस्ट अधूनमधून खोलीवर यायचा. आम्ही त्याला दादा म्हणायचो. त्याने दोन मिनिटं ऐकलं, पिशवीतून ट्यूब स्क्रीमर नावाचं हिरवं ओव्हरड्राइव्ह पेडल काढलं, माझ्या गिटार आणि अँपच्या मध्ये लावलं आणि ड्राइव्हचा नॉब डावीकडे टोकाला नेला.

“दादा, ड्राइव्ह शून्य? मग पेडल लावलंस कशाला?”

“वाजव आधी.”

त्याने लेव्हल टोकापर्यंत वर घेतली, टोन बारावर. अँपचा गेन थोडा उतरवला. मी तोच रिफ त्याच लयीत मारला आणि पहिल्यांदा मला माझे फटके मोजता आले. बेसिस्ट वाजवायचा थांबून माझ्याकडे बघत होता. दादा चहा प्यायला निघून गेला होता.

त्याने का ते सांगितलं नाही. मला कळायला आणखी काही महिने लागले, तुम्हाला लागू नयेत म्हणून लिहितो.

डिस्टॉर्शन म्हणजे सिग्नल इतका फुगवायचा की ट्यूबमध्ये तो मावत नाही आणि लाटेचा माथा सपाट छाटला जातो. गिटारच्या जाड तारेतून येणाऱ्या सिग्नलमध्ये सगळ्यांत अवजड लाट खालच्या सुरांची असते. सहावी तार मोकळी वाजली की ८२ हर्ट्झ, ड्रॉप डीला ७३. ही अवजड लाट आधी शिरते आणि जागा अडवून बसते. एसटीच्या दारात कुणी कांद्याचं पोतं घेऊन उभा राहिला की मागचे सगळे खोळंबतात, तसं. तारेवर पिक घासल्याची धार, वरचे स्वर, सगळं तिच्यामागे चेंगरतं. त्यात पाम म्यूटचा दणका मोठा असला की ट्यूब क्षणभर दबते आणि सावरायला वेळ घेते. १८० च्या लयीत मात्रेला चार फटके म्हणजे दर ८३ मिलिसेकंदांना एक. ती सावरेपर्यंत पुढचा दणका हजर.

आता मुख्य गोष्ट. ५१५० मध्ये लोचा नॉब या सगळ्या फुगवाफुगवीच्या नंतर येतो. मार्शलच्या जेसीएम ८०० मध्येही तसंच. म्हणजे चिखल आधी तयार होतो आणि तुमचा नॉब फक्त किती चिखल बाहेर सोडायचा ते ठरवतो. चिखल होऊ द्यायचा नसेल तर बेस गेनच्या आधी कापायला हवा. ट्यूब स्क्रीमर नेमकं तेच करतं. साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा भाग ते वरच्या मानाने बराच कमी वाढवतं, आणि मिड पुढे ढकलून अँपच्या पहिल्या ट्यूबवर आदळतं. त्याचं स्वतःचं डिस्टॉर्शन आपल्याला नकोच असतं, म्हणून ड्राइव्ह शून्य. या पेडलला मुळात ब्लूजवाल्यांचं म्हणून नाक मुरडणारे मेटलवाले मी पाहिलेत. त्यांच्या आवडत्या बँडच्या गिटारिस्टच्या पायाशी बहुतेक वेळा तेच किंवा त्याचा भाऊ पडलेला असतो.

ते नसेल तर ग्राफिक इक्वलायझरचं पेडलही चालतं, आणि मला तर ते जास्त आवडतं, कारण काय करतोय ते डोळ्यांना दिसतं. सात पट्ट्यांचं बॉसचं जीई-७ घ्या. १०० ची पट्टी जवळजवळ तळाला, २०० ची थोडी खाली, ८०० ची थोडी वर, लेव्हल थोडी वर. अँपच्या पुढे, म्हणजे गिटार आणि अँपच्या मध्ये लावा, लूपमध्ये (अँपच्या मागे पेडल जोडायची जागा) नाही. लूपमध्ये लावलंत तर ते गेनच्या नंतर येईल आणि तुम्ही पुन्हा माझ्या पहिल्या तीन वर्षांत जाल.

नुसती गिटार वाजवून बघाल तर या टप्प्यावर आवाज पातळ वाटेल. घाबरू नका आणि पेडल काढू नका. बहुतेक लोक इथेच काढतात. आता बेस परत द्यायचा, पण गेनच्या नंतर. तो चिखल करत नाही, कारण छाटाछाट होऊन गेलेली असते. आधी लोचा नॉब, बारापासून एकच्या दिशेने. मग रेझोनन्स. हा नॉब पॉवर अँपमध्ये काम करतो आणि स्पीकर ज्या खालच्या पट्ट्यात आपणहून घुमतो तिथलं घुमणं सैल सोडतो. पाम म्यूट केल्यावर छातीत ‘धप्’ बसतो तो इथून येतो. हळूहळू वाढवा, ‘धप्’चं ‘धऽऽम’ होऊ लागलं की मागे या. छोट्या खोलीत, विशेषतः कॅब कोपऱ्यात असेल तर, भिंतीच अर्धा बेस वाढवून देतात. कॅब कोपऱ्यातून हातभर पुढे ओढा, मग नॉबला हात लावा.

तुमच्याकडे मेसाचा मार्क जातीचा अँप असेल तर वरचं उलटं वाचा. त्यात टोनचे नॉब गेनच्या आधी येतात. म्हणून तिथे बेस नॉबवरच्या आकड्यांत शून्य ते दोनच्या मध्ये ठेवायचा आणि अँपवरच्याच पाच पट्ट्यांच्या इक्वलायझरमधून, ८० च्या पट्टीने, परत द्यायचा. पहिल्यांदा हाताळणारा बेसचा नॉब शून्याजवळ बघून कुणीतरी चुकून फिरवला असं समजतो आणि मध्यावर आणतो. मग भसभस. नवा अँप समोर आला की मी पहिली चौकशी हीच करतो: याचा बेस गेनच्या अलीकडे आहे की पलीकडे? माहीत नसेल तर गेन भरपूर ठेवून नुसता बेस फिरवा. गुरगुरीचा पोतच बदलला, घट्ट आवाज सैल झाला, तर अलीकडे. पोत तोच राहून नुसतं वजन कमी-जास्त झालं तर पलीकडे.

तपासायची रीत एकच. रिफ पूर्ण लयीत वाजवा, फोनवर रेकॉर्ड करा, ऐका. फोनच्या टिचभर स्पीकरमध्ये बेस नसतोच, त्यामुळे फटके वेगळे पडतात की नाही ते तिथे लगेच उघडं पडतं. ऐकताना बोटांनी मांडीवर ताल धरा. बोट आणि फटका जुळत नसेल तर दोष अँपचा नसून तुमच्या हाताचाही असू शकतो, आणि त्यावर पेडल मिळत नाही.

मिड

वर. एवढंच खरं तर. पण कुणी ऐकत नाही म्हणून: गणपतीच्या मिरवणुकीत लक्ष्मी रोडला पथक जातं तेव्हा पन्नास ढोलांच्या दणदणाटातून मोजके ताशे सरळ कानात घुसतात. ताशा ढोलापेक्षा मोठा असतो म्हणून नव्हे, तो ढोलाच्या जागेत शिरतच नाही म्हणून. बँडमध्ये ढोलाचं काम बेस गिटार आणि किक ड्रम करतात. बेस गिटारची सगळ्यांत खालची तार ४१ हर्ट्झला आहे, तुम्ही तिथे लुडबुड करून काही साधत नाही. तुमची जागा मिडमध्ये. बारापासून सुरू करा, दोनपर्यंत बिनधास्त जा. एकट्याने ऐकताना नाकात बोलल्यासारखं वाटेल. बँड सुरू झाला की तोच आवाज उभा राहतो.

हाय, प्रेझेन्स, गेट

हाय बारा किंवा थोडा अलीकडे. प्रेझेन्स, म्हणजे अगदी वरच्या सुरांची चमक, सगळ्यांत शेवटी, झांजांच्या सोबत ऐकून. तेलात मोहरी तडतडल्यासारखी चुरचुर येत असेल तर आधी गेन कमी करा, मग प्रेझेन्स. घरी कॅबशिवाय थेट कंप्युटरला जोडणाऱ्यांना ही चुरचुर फार छळते, कारण गिटारचा स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या पुढचं जवळजवळ गिळून टाकतो आणि तुमच्याकडे तो गिळणाराच नाही. कॅबचा इम्पल्स रिस्पॉन्स (कॅबच्या आवाजाची नक्कल करणारी फाइल) लावा, मग तक्रार करा.

नॉइज गेट (तुम्ही वाजवत नसताना आवाज बंद करणारं पेडल) लावणार असाल तर एवढंच लक्षात ठेवा: अँपच्या पुढे लावलेला गेट पिकअपची गुणगुण थांबवतो, अँपचा स्वतःचा फुस्स आवाज लूपमधला गेट थांबवतो. उंबरठा इतका वर नेऊ नका की लांबवलेला स्वर मध्येच तुटेल.

बँडसोबत

आता सगळ्यांना वाजवायला सांगा, आणि लांब केबल असेल तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तिथून वाजवा. या वेळी एकच प्रश्न विचारायचा आणि तो बेसिस्टला: “तुला तुझं ऐकू येतंय का?” त्याला त्याचं ऐकू येत असेल तर तुमचा खालचा पट्टा बरोबर आहे. येत नसेल तर लो किंवा रेझोनन्स कमी करा, त्याला व्हॉल्यूम वाढवायला सांगू नका. एकदा मी हट्टाने तसंच ठेवलं होतं. कार्यक्रमानंतर मित्राने विचारलं, “आज बेसिस्ट नव्हता का रे?” बेसिस्ट शेजारीच उभा होता.

नॉबचा फोटो काढून ठेवा, पण दुसऱ्या खोलीत गेन आणि मिड सोडून बाकी सगळं पुन्हा लावायचंय हे धरून चाला. स्टेजवर साउंडवाला माइक स्पीकरच्या अगदी मधोमध लावत असेल तर त्याला नम्रपणे दोन-तीन बोटं कडेला सरकवायला सांगा. मधोमध आवाज टोकदार असतो, कडेला जाल तसा मऊ होतो.

राहिला सोलो. त्यासाठी बूस्टचं पेडल पुढे लावून काही होत नाही. अँप आधीच गच्च भरलेला असतो, पुढून आणखी ढकललंत तर गेन वाढतो, आवाज वाढत नाही. बूस्ट लूपमध्ये लावा, चार-पाच डेसिबल पुरेत, आणि सोलो संपला की पाय मारायला विसरू नका.